नंबराचं मोल

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी नंबराने नवख्या खेळाडूंची करायची निवड, आटोपला की दुसऱ्या दिवशी सकाळी बत्तीसच्या बत्तीस संघांचे निकाल लागलेले असतात. एकही पोरगा अजून मैदानात उतरलेला नसतो! मीही निवडींचा हिशेब मांडते, पण चार मोसम उलटल्याशिवाय शेरा मारत नाही. नवख्याचा पहिला करारच चार वर्षांचा असतो. काहींना उशिराच संधी मिळते. २००५मध्ये चोविसाव्या नंबरावर आलेला ॲरन रॉजर्स ब्रेट फार्वच्या मागे तीन मोसम बाकावरच होता.

निवड जोखायची ती तिच्या नंबराशी. त्या नंबरावर आजवर आलेल्यांनी साधारण काय दिलं आणि याने त्याहून किती जास्त दिलं, एवढंच बघायचं. टॉम ब्रेडी १९९वा, हे सगळे सांगतात. पण २०००च्या त्या ड्राफ्टमध्ये पेट्रियट्सनी त्याच्याआधी सहा जण उचलले होते. तो कोण होणार हे दिसलं असतं तर ते थांबलेच नसते. लाभ अफाट झाला. पारखीचं श्रेय मात्र मी हात राखूनच देते.

माझा जीव जो थॉमसवर. २००७, नंबर तिसरा, क्लीव्हलंड ब्राउन्स. ड्राफ्टच्या दिवशी तो वडिलांबरोबर मिशिगन सरोवरात मासे धरत होता. जागा लेफ्ट टॅकलची, म्हणजे पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या नजरेआडून येणाऱ्याला थोपवायचं. नावावर ना पास, ना धावलेले यार्ड. फिल्म संथ लावून त्याचे पाय बघावेत. चेंडू सुटताच डावा पाय मागे सरकतो, उजवा त्याच्यामागे, गुडघे वाकलेले, पाठ ताठ. अंगावर येणाऱ्याला आत शिरायला फटच सापडत नाही. असे सलग १०,३६३ डाव तो खेळला, २०१७मध्ये दंडाचा स्नायू फाटेपर्यंत. त्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरावर गेलेला जमार्कस रसेल तीन मोसमांत संपला होता.

आणि तरीही थॉमसच्या अकरा मोसमांत ब्राउन्स एकदाही प्लेऑफला पोचले नाहीत. संघाच्या विजयांवरून निवड तोलणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते इथेच. ड्राफ्टमध्ये वरचा नंबर मुळात हरणाऱ्या संघालाच मिळतो. चांगल्यातला चांगला पोरगा पडक्या घरात जायचा आणि वर घर पडकं म्हणून त्याचेच गुण कापायचे, हा अन्याय आहे. माझ्या तक्त्यात विजयांचा रकाना नाही. टॅकलसाठी खेळलेले डाव असतात, आणि शेजारी फिल्म बघून केलेली माझी टिपणं.