कमेंटची ओळ

कासूच्या आमच्या घरात नेटवर्क येतं ते माळ्यावर, तेही खिडकीला चिकटून बसलं तर. मुंबईतल्या सर्व्हरचं कॉन्फिग बदलायचं तर चित्रांची, बटणांची साधनं इथे उघडता उघडता दम तोडतात. काळं टर्मिनल मात्र चालतं. एक कमांड द्यायची, एका ओळीचं उत्तर घ्यायचं. मध्येच दिवा-रोहा गाडी जाते आणि आई खालून विचारते, "चाललंय का रे तुझं?"

जावाची प्रॉपर्टीज फाइल दिसायला किराणाच्या वहीसारखी: डावीकडे की, उजवीकडे व्हॅल्यू, मध्ये बरोबरचं चिन्ह. चिन्हाच्या आजूबाजूची मोकळी जागा ती पोटात घालते, पण ओळीच्या शेवटी राहिलेली स्पेस व्हॅल्यूतच धरते. एकदा फोल्डर डोळ्यांसमोर असूनही प्रोग्रामला सापडेना. अर्धा दिवस गेल्यावर कॅट कमांडला मोठा 'ए' लावला. त्याने प्रत्येक ओळीच्या टोकाला डॉलर उभा राहतो. बाकी सगळे डॉलर अक्षराला खेटून, हा एकटा एक घर सोडून.

मराठीचे हाल वेगळे. पूर्वी या फाइलला देवनागरी कळत नसे. नेटिव्ह-टू-आस्की नावाच्या कमांडमधून काढलं की 'क'चा ०९१५ आणि 'स'चा ०९३८ व्हायचा. आपल्याच गावाचं नाव आकड्यांत वाचायचं! २०१७ च्या जावा ९ पासून भाषांतराच्या फाइली यूटीएफ-८ मध्ये वाचल्या जातात आणि ती कमांडही गेली. फाइल थेट बाइट्समधून वाचली तर मात्र जुनं दुखणं अजून तसंच आहे.

रोजच्या बदलांसाठी मी स्वतःच एक छोटी कमांड लिहिली. की दिली की व्हॅल्यू दाखवायची, नवी दिली की बदलायची. लिहिण्याचं काम जावाच्याच तयार 'स्टोअर'वर सोपवलं. त्याने व्हॅल्यू बिनचूक बदलली, वर आजची तारीख घातली आणि हॅशने सुरू होणाऱ्या सगळ्या जुन्या कमेंट पुसून टाकल्या. बॅकअप होता, पण कमांड दुसऱ्यांदा चालवली तेव्हा त्याच्यावरच नवी प्रत बसली. चूक सर्वस्वी माझी.

पुसलेल्यांत एक ओळ होती: फायरवॉल रिकामं कनेक्शन ६० सेकंदांनी गुपचूप तोडते, म्हणून हा आकडा ४५ च्या वर नेऊ नका. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. काही महिन्यांनी एका सहकाऱ्याने भल्या हेतूने ४५ चे ९० केले. मग मेलेली कनेक्शनं जिवंत समजून वापरली जाऊ लागली, आणि सकाळचा पहिला ग्राहक रोज अडकू लागला. आकडा का आहे, हे आकडा सांगत नाही.

नावांचंही तसंच. त्या फाइलमध्ये 'कुलाबा' अशी एक की आहे. जिल्हा १९८१ लाच रायगड झाला, पण ती बदलायला कोणी धजत नाही. कुठून कुठून वाचली जाते, देव जाणे. आमच्याकडे हायवे ६६ झाला तरी जुनी माणसं अजून सतरा नंबरच म्हणतात, आणि त्यावरून पोचतातही.

आता माझी कमांड फक्त तेवढी ओळ बदलते, बाकीला हात लावत नाही. लिहिण्याआधी फरक दाखवते: एक ओळ वजा, एक अधिक. तिसरी दिसली तर थांबायचं. काल दोनच होत्या. एंटर दाबणार, तोच कनेक्शन गोठलं.

"चाललंय का रे?" खालून आवाज आला.