पाणी घालणारा हात

मराठीतले पाणी दोन्ही बाजूंनी बोलते. मेहनतीवर पाणी फिरते, हक्कावर पाणी सोडावे लागते. उलट एखाद्या गोष्टीला खतपाणी घातले की ती फोफावते (बहुधा नको असलेलीच गोष्ट: अफवा, भांडण, गैरसमज). प्रत्यक्ष झाडाच्या बाबतीत मात्र भाषेला असा काही संशय नाही. झाडाला पाणी घालणे म्हणजे त्याची काळजी घेणे, हे पिढ्यान् पिढ्या तुळशीला पाणी घालणाऱ्या हातांना कधी शिकवावे लागले नाही. कुंडीतल्या मांसल वनस्पती, ज्यांना हल्ली रोपवाटिकांत सरसकट 'सक्युलंट' म्हणतात, या समजुतीला पहिला धक्का देतात. त्या मरतात त्या बहुतेक वेळा पाणी मिळाल्यामुळे.

या वनस्पतींसाठी आपल्याकडे एक जुना शब्द आहे, निवडुंग. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो अगदीच ढिसाळ म्हणावा लागेल. फड्या निवडुंग मूळचा अमेरिका खंडातला, तर त्रिधारी निवडुंग जुन्या जगातल्या एरंडाच्या कुळातला. दोघांचे नाते शून्य. पण कुंडी सांभाळणाऱ्याला हा ढिसाळपणा सोयीचा आहे. दोघेही पाणी अंगात साठवतात, आणि शब्दाने नेमके तेवढेच पाहिले.

अंगात पाणी साठवणारे झाड ते खर्चही जपून करते. लहानपणी आपण सर्वांनी वहीत ठेवून ज्या पानाला कोंब फुटताना पाहिले, ती पानफुटी याच जातकुळीची. बेंजामिन हाइन हे कंपनी सरकारच्या सेवेतले वनस्पतिशास्त्रज्ञ. पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते आणि दुपारपर्यंत त्याची चव निघून जाते, हे त्यांनी भारतात असताना चाखून पाहिले. त्यांचे हे निरीक्षण १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. कारण पुष्कळ नंतर उलगडले. ही झाडे पानांची रंध्रे रात्री उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रे मिटून त्यावर काम करतात. उन्हात तोंड उघडायचे नाही, म्हणजे पाणी उडून जाणार नाही. कुंडीच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की जास्वंद दिवसाकाठी जेवढे पाणी पिऊन टाकते तेवढे इथे कोणी पीत नाही. उरलेले पाणी मातीतच राहते, आणि पाण्याने भरलेल्या मातीत मुळांना प्राणवायू मिळत नाही. मुळे गुदमरतात, कुजण्याचे काम बुरशीसारखे जीव मागाहून पुरे करतात.

म्हणजे पाऊस हा यांचा शत्रू, असे मात्र नव्हे. आपल्याच सह्याद्रीतली शिंदळ माकुडी पाहावी. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून तिला फ्रेरिया इंडिका हे नाव मिळाले. शिवनेरीच्या कड्यावर, बेसॉल्टच्या फटीत, मूठभर मातीत ती उगवते. पावसाळ्यात पाने धरते, उन्हाळ्यात नुसत्या मांसल फांद्यांनिशी तग धरून राहते. चार महिने पाऊस तिला झोडपतो आणि ती कुजत नाही, कारण कड्यावर पाणी थांबत नाही. पाणी किती पडले यापेक्षा ते किती वेळ राहिले, हा खरा प्रश्न आहे.

कुंडी हा कडा नव्हे. तळाला भोक असले तरी सगळे पाणी त्यातून जात नाही. तळाशी ओल्याचिंब मातीचा एक थर उरतोच, आणि माती जितकी बारीक तितका तो थर उंच. आपल्याकडे तळाशी खापऱ्या आणि खडी घालण्याची रीत आहे. त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही, त्यामुळे तो चिंब थर फक्त खडीच्या वर, मुळांच्या अधिक जवळ सरकतो. बदलायचा असेल तर तळ बदलून भागत नाही, सगळी मातीच बदलावी लागते. देशावरची काळी माती यासाठी कामाची नाही, ती ओलीने फुगते आणि वाळली की भेगाळते. लाल माती चालते, पण एकटी नाही. बारीक वाळू मिसळण्याचा सल्ला अनेकजण देतात. ती पोकळ्या भरून टाकते आणि उलटाच परिणाम करते. हवे असतात ते ज्वारीच्या दाण्याएवढे खडे: विटेचे तुकडे, दगडाची कच, लाकडी कोळसा. आणि ते चाळणीने चाळून घ्यावे लागतात, कारण विटेची भुकटी म्हणजे पुन्हा चिखलच. माझे नेहमीचे प्रमाण एक भाग लाल माती, अर्धा भाग गांडूळखत आणि दोन भाग खडे असे असे.

'असे' म्हणते, कारण गेल्या काही वर्षांत ते बदलले आहे.

आई माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिला विसर पडू लागला होता. गावच्या घरी रोज सकाळी चहानंतर तांब्या घेऊन अंगणात जायची तिची सवय होती. इथे पुण्यात अंगण नाही, गॅलरी आहे, आणि गॅलरीत माझ्या कुंड्या. ती त्यांना पाणी घालू लागली. मग तासाभराने, "अगं, आज झाडांना कुणी पाणीच घातलं नाही," असे म्हणून पुन्हा घालू लागली. डॉक्टरांचे म्हणणे, जुन्या सवयी शक्य तितक्या चालू राहू द्या. गॅलरीला कडी लावावी, असे एका आप्तांनी सुचवले. धाकट्या भावाने प्लॅस्टिकची झाडे आणण्याचा तोडगा काढला. पण आई पाणी घालताना एखादे पान नखाने खुडून त्याचा वास घेते, हे त्याच्या लक्षात नव्हते.

मी माती बदलली. एक भाग लाल माती, अर्धा भाग गांडूळखत, चार भाग खडे. आणि चिनीमातीच्या सुबक कुंड्यांऐवजी साध्या, न रंगवलेल्या मातीच्या कुंड्या, ज्यांच्या अंगातूनही ओल उडते. जेड, कोरफड, अडेनियम गॅलरीत राहिली. एवढे लाड न सोसणाऱ्या हवोर्थिया माझ्या अभ्यासाच्या खिडकीत आल्या.

पहिले काही दिवस मला हे सारे फसवणुकीसारखे वाटले. तिने प्रेमाने घातलेले पाणी खालून तसेच वाहून जावे, अशी व्यवस्था मी केली होती. तिच्या कृतीतला अर्थच काढून घेतल्यासारखे. पण एप्रिल आला आणि गणित उलटले. एवढ्या भरड मिश्रणात पाणी टिकतच नाही. चाळिशीच्या आसपासच्या उन्हात सकाळची ओल संध्याकाळपर्यंत दिसत नव्हती. फुलोऱ्यावर आलेल्या अडेनियमला आता रोजचे पाणी खरोखरच हवे होते. आई चार दिवस मामाकडे गेली, तर जेडची पाने सैल पडली.

'दहा दिवसांतून एकदा पाणी' हा पुस्तकी नियम म्हणूनच मला अपुरा वाटतो. त्यात माती गृहीत धरलेली असते, कुंडी, हवा आणि पाणी घालणारा माणूसही. संहिता एका संदर्भात लिहायची आणि दुसऱ्यात शब्दशः वाचायची, त्यातलाच हा प्रकार. खुद्द झाडाची भाषाही एकेरी नाही. सुरकुतलेले पान तहान सांगते. पण मुळे कुजली असतील तर पाण्यात बसलेल्या झाडाचे पानही तसेच सुरकुतते, कारण पाणी वर चढतच नाही. चिन्ह एक, अर्थ नेमके विरुद्ध. अशा वेळी मी खोड हलकेच हलवून पाहते. घट्ट असेल तर तहान. डुगडुगत असेल तर झाड उपसून मुळे पाहायची.

पावसाळ्याचा पेच राहिला होता. दमट हवेत खड्यांचे मिश्रणही सावकाश वाळते. दोन-दोनदा पाणी तेव्हा परवडणारे नव्हते. जूनमध्ये मी कुंड्या छपराखाली ओढून घेतल्या आणि वाट पाहिली. पहिल्या सरीच्या दिवशी आई तांब्या भरून दारापर्यंत गेली, बाहेर पाहिले आणि परत फिरली. "पाऊस पडतोय, आता कशाला घालायचं?" छपराखालच्या कुंड्यांवर एक थेंबही पडत नव्हता. त्या दिवसांत पाणी मी घालते, दहा-बारा दिवसांनी एकदा, ती उठण्याआधी.