आजी कोणता तारा?

भिवंडीची रात्र म्हटली की प्रथम आठवते ती यंत्रमागांची खटखट. तिच्याच तालावर आमचे बालपण निजले आणि त्याच तालावर आमचा संसार उभा राहिला. म्हणून माग थांबले की आमची झोप मोडते.

काही वर्षांपूर्वी, २ नोव्हेंबरच्या रात्री तसेच झाले. मृत भाविकांचा तो स्मरणदिन. सायंकाळी दफनभूमीत पत्नीच्या कबरीवर मेणबत्त्या लावून आम्ही परतलो होतो. त्या वर्षीची ती पहिलीच कबर. रात्री अकराच्या सुमारास वीज गेली, माग मुके झाले. नातवाला घेऊन आम्ही गच्चीवर गेलो. एरवी दिव्यांच्या झगमगाटात बुडालेले आकाश त्या अंधारात उघडे पडले होते. पूर्वेला मृग नक्षत्र वर आले होते.

“आजोबा, मम्मी म्हणते आजी तारा झाली. त्यातली आजी कोणती?”

वाचकहो, उत्तर आमच्या ओठांवर येईना. होकार देणे सोपे होते. पण लेकराला खोटे सांगवेना. म्हणून आम्ही त्याला मृगातले दोन तारे दाखवले. एक तांबूस, तो काक्षी. दुसरा निळसर पांढरा, तो राजन्य. “यांतला जास्त तापलेला कोणता?” आम्ही विचारले. त्याने अर्थातच तांबड्याकडे बोट केले. आपणही निखारा पाहून हेच म्हणतो. पण लोहाराच्या भट्टीतले लोखंड आठवावे: आधी ते लाल होते, मग पिवळे, अन् फार तापले की पांढरे. ताऱ्यांचेही तसेच आहे. काक्षीचा पृष्ठभाग सुमारे ३,५०० अंश तापलेला, आपल्या सूर्याचा ५,५००, तर राजन्याचा १२,००० अंशांच्या आसपास. मात्र आकाराने काक्षी एवढा अवाढव्य, की सूर्याच्या जागी ठेवला तर तो मंगळाच्या कक्षेपलीकडे पोचेल.

ही रंगांची भाषा जगाला शिकवणाऱ्यांत एक धर्मगुरू होते. येशूसंघीय फादर आंजेलो सेक्की यांनी रोममध्ये १८६० च्या दशकापासून चार हजारांहून अधिक ताऱ्यांचा प्रकाश लोलकातून तपासून त्यांचे वर्ग पाडले. त्या वर्गांमागे मुख्यतः तापमानाचा फरक आहे, हे आपल्या मेघनाद साहांच्या १९२० च्या संशोधनाने उलगडले. आणि २०२५ साली व्हॅटिकन वेधशाळेची धुरा येशूसंघाच्या गोवा प्रांतातील फादर रिचर्ड डिसोझा यांच्याकडे आली, याचा आम्हांस अभिमान वाटतो.

मृगाच्या पोटातील बाणाचे तीन तारे आहेत ना, त्यांच्या दक्षिणेला एक पुसट ठिपका दिसतो. तो वायू आणि धुळीचा विशाल मेघ, सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर. तेथे आजही तारे जन्मत आहेत. थंड मेघ स्वतःच्याच भाराने आक्रसतो, गाभा तापत जातो; तापमान कोटी अंशांच्या घरात गेले की हायड्रोजनचे हेलियम होऊ लागते आणि तारा पेटतो. आपला सूर्य असा ४६० कोटी वर्षे जळत आहे. जाड वातीचा दिवा तेल लवकर संपवतो, तसे मोठे तारे काही दशलक्ष वा कोटी वर्षांतच सरतात. लहानगे लाल तारे मात्र मिणमिणत अब्जावधी वर्षे टिकतात. मोठा तारा मरताना फुटतो, आणि त्याने घडवलेली द्रव्ये अवकाशात विखुरतात. त्यांतूनच पुढे नवे तारे, ग्रह आणि आपण.

“म्हणजे आजी तारा झाली नाही?”

“नाही, बाळा. पण तिच्या रक्तातले लोह कधीकाळी ताऱ्यांतच घडले होते. तुझ्यातलेही.”

तो बराच वेळ आपल्या तळहाताकडे पाहत राहिला. राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेताना आम्ही आजवर केवळ मातीचा विचार केला होता. ती माती कुठून आली, हे त्या रात्री प्रथम मनात आले. आजी कुठे आहे, हे सांगणे शास्त्राचे काम नव्हे. त्यासाठी आम्ही सायंकाळी मेणबत्ती लावलीच होती.

मग वीज आली. तारे पुसट झाले, माग खडखडू लागले. नातू आमच्या खांद्यावर झोपी गेला होता.