एका नावाचा रकाना

इंग्लंडात मुलापोटी सरकारकडून जो बालभत्ता मिळतो, तो एका मुलासाठी एकाच व्यक्तीच्या नावे रुजू होतो; आणि विभक्त होऊनही मुलाचा सांभाळ आळीपाळीने करणाऱ्या आईबापांत या एका रकान्यावरून जे कज्जे उभे राहतात, त्यांतला एक मी लंडनमध्ये, माझ्या शेजारच्याच घरी, पाहिला. रक्कम म्हणाल तर २०२५-२६च्या दराने पहिल्या मुलासाठी आठवड्याला २६.०५ पौंड. दोघांनीही अर्ज केला आणि आपसांत जमले नाही, तर मूल कोठे अधिक राहते हे पाहून सरकारी दफ्तर स्वतः निवाडा करते. म्हणून शेजारणीच्या स्वयंपाकघरात दिनदर्शिका टांगलेली होती : मुलगी आपल्याकडे निजली त्या रात्रीला तांबडी फुली, बापाकडे निजली त्या रात्रीला निळी. बापाचीही अशी वही होती, आणि दोहोंत मांडलेल्या रात्रींचा मेळ कधीच बसला नाही.

आईचा आग्रह मला क्षुद्र वाटला नाही. बालभत्त्याच्या आधीच्या कुटुंबभत्त्याच्या १९४५च्या कायद्याच्या मसुद्यात रक्कम बापाला देण्याची तजवीज होती. ती आईच्या हाती पडावी म्हणून खासदार एलिनॉर रॅथबोन संसदेत निकराने झगडल्या, आणि १९४६च्या ऑगस्टात पहिले वाटप झाले तेव्हा त्या हयात नव्हत्या. परंतु आठवड्यातून तीन दिवस मुलांना न्हाऊमाखू घालणाऱ्या बापाने सरकारदरबारी कोणीच नसावे, हेही मला सोसवत नाही. अशाच एका बापाची, बालभत्त्याशी नव्हे पण त्याच जातीच्या दुसऱ्या एका मदतीसंबंधीची, फिर्याद २०१२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयात गेली. एकाच पालकाला रक्कम देण्याच्या नियमाची झळ बापांनाच अधिक लागते हे मान्य होऊनही नियम कायम राहिला. ऑस्ट्रेलियात सांभाळाचा वाटा पस्तीस टक्के भरला की कुटुंबसाहाय्याची रक्कम विभागून मिळते, आणि तीच वहिवाट मला अधिक न्याय्य वाटते. रात्री मात्र तेथेही मोजाव्याच लागतात.

एका शुक्रवारी ती आठ वर्षांची मुलगी, निळ्या फुलीच्या घरी जाण्यासाठी, आमच्या पायरीवर बापाची वाट पाहत बसली होती. शाळेच्या काळ्या बुटांच्या टाचा तिने आतून चुरगाळून दाबल्या होत्या, आणि मोज्यावर रक्ताचा लहानसा डाग होता. बूट केव्हापासून लागतात, असे विचारले तेव्हा ती हळूच म्हणाली, ‘‘सुट्टी संपल्यापासून. पण आईला सांगू नका हं, आणि बाबांनाही नको.’’