लेस्टरचं एक आवर्तन

काही सूर कानांपेक्षा चेहऱ्यावर अधिक ऐकू येतात. डिसेंबर १९५७ मध्ये न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित झालेल्या ‘द साउंड ऑफ जॅझ’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाची कृष्णधवल फीत पाहताना मला हे दर वेळी जाणवतं. बिली हॉलिडे स्वतः रचलेलं ‘फाइन अँड मेलो’ गाते आहे, भोवती वादकांचं कोंडाळं आहे, आणि एकेकाच्या वाट्याला ब्लूजचं एकेक आवर्तन येतं आहे. बेन वेब्स्टरचा टेनर सॅक्सोफोन भरदार, उबदार वाजून थांबतो. मग लेस्टर यंग उभा राहतो.

खंगलेला, थकलेला लेस्टर. तो अगदी मोजके सूर लावतो; एखाद्यावर रेंगाळतो, हलकेच खाली उतरतो, आणि पुढचा सूर येईपर्यंत एवढी मोकळी जागा ठेवतो की तिच्यात एक अख्खं आयुष्य सामावावं.

बिली ऐकते आहे. मान किंचित कललेली, ओठ मिटलेले, पुढची जागा आधीच ठाऊक असल्यासारखं डोळ्यांत उमलत जाणारं हसू. तो स्वराला वळण देतो आणि तिची मान डोलते.

गुलामीतून आलेल्यांच्या वेदनेतून उगवलेले ब्लूज, न्यू ऑर्लिन्सच्या आसमंतात गेलेलं लेस्टरचं बालपण, १९३७ पासूनची दोघांची ध्वनिमुद्रणं, त्यानं तिला दिलेलं ‘लेडी डे’ आणि तिनं त्याला दिलेलं ‘प्रेझ’ हे नाव, सैन्यात असताना त्याच्या वाट्याला आलेला तुरुंग, तिच्या तुरुंगवासानंतर न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये गाण्याचा परवाना तिला नाकारला जाणं, एवढं सगळं त्या एका आवर्तनात येऊन थांबतं.

आणि तरी ते हलकं आहे.

पुढे १९५९ च्या मार्चमध्ये लेस्टर गेला, जुलैमध्ये बिली. या दोघांकडे पाहताना मला कळत जातं की जॅझमध्ये ऐकणाराही वाजवतच असतो. आयत्या वेळी सुचलेला सूर झेलायला कुणीतरी समोर आहे, या भरवशावरच वादक अज्ञातात पाऊल टाकतो. लेस्टरनं ते टाकलं, कारण समोर बिली होती. माणसानं माणसाला याहून मोठं काय द्यावं?