कुस्तीच्या फडांतील जागा

ज्यास कुस्ती पाहावयाची आहे त्यानें आधीं जागा पाहावी, असें आमच्याकडील वडील माणसें सांगतात. आमचा निलंगा तालुका पैलवानांचा. १९६९ सालीं महाराष्ट्र केसरी झालेले हरिश्चंद्र बिराजदार याच तालुक्यांतील रामलिंग मुदगडचे. म्हणून जत्रा म्हटली कीं फड आलाच, आणि फड म्हटला कीं जागेची धांदल आली.

पुष्कळांस वाटतें कीं हौद्याच्या अगदीं कडेची जागा सर्वांत उत्तम. तेथें शड्डूचा आवाज छातींत घुमतो, पैलवानांचा श्वास ऐकूं येतो, हें खरें. परंतु अंगावर मातीही तेथेंच उडते, आणि जोड लोळत कडेला आली म्हणजे मांडी मोडून बसलेल्यांस पळतां भुई थोडी होते. शिवाय कुस्तीचा निकाल पाठीवर असतो. अगदीं मातीच्या पातळीवरून पाहणाऱ्यास वरच्या पैलवानाची पाठ दिसते, खालच्याचे खांदे टेकले कीं नाहींत हें दिसत नाहीं. त्यांत पंच आडवा आला तर तेंही नाहीं. म्हणून जाणते लोक चार रांगा सोडून, जरा उंचवट्यावर बसतात. कुस्त्या दुपारीं सुरू होऊन दिवस मावळेपर्यंत चालतात. यास्तव ते पश्चिमेकडे पाठ करितात. हलगीवाल्यापासूनही ते थोडे दूर राहतात, म्हणजे निकाल कानीं पडतो.

या सर्व अडचणींचा विचार कोल्हापुरांत फार पूर्वींच झाला. शाहू महाराजांनीं युरोपच्या प्रवासांत रोम येथील प्राचीन रंगमंडल पाहिलें, आणि त्या धर्तीवर खासबाग मैदान बांधविलें. तें १९१२ सालीं पुरें झालें. मधोमध लाल मातीचा हौदा, आणि सभोंवार बशीप्रमाणें चढत गेलेली बैठक. पुढच्याचें डोकें मागच्याच्या डोळ्यांखालीं राहतें; त्यामुळें हजारों लोक बसले तरी शेवटच्या माणसासही कुस्ती दिसते.

जागेचें महत्त्व लहान समजूं नये. मुंबईंत १९३७ पासून ब्रेबोर्न स्टेडियम होतें. परंतु सामन्यांच्या जागांच्या वांटपावरून तेथील क्लब व शहराची क्रिकेट संघटना यांत वाद माजला, आणि त्यांतून हाकेच्या अंतरावर वानखेडे स्टेडियम उभें राहिलें. तेथें पहिला कसोटी सामना १९७५ च्या जानेवारींत झाला. जागांपायीं एक नवें स्टेडियम बांधावें लागलें!

आमच्या आजोबांनीं तरुणपणीं लाल माती अंगास लावली होती. पुढें मोतीबिंदूनें त्यांची दृष्टि मंदावली, तेव्हां त्यांस कडेचीच जागा लागे. एका जत्रेंत त्या जागीं पाहुण्यांसाठीं उंच खुर्च्या मांडल्या होत्या, व त्यांतील निम्म्या शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या. आजोबा त्यांच्या मागें जमिनीवर बसले. शेवटची जोड लागली, लोक उठून उभे राहिले, तेव्हां ते आम्हांस विचारीत, "बाळांनो, खालीं कोण आहे रे?" आम्ही एकेक पकड सांगत गेलों. "पट काढला" म्हणतांच त्यांचे हात आपोआप पुढें झाले. कुस्ती त्यांच्या हातांनीं पाहिली. डोळ्यांस मात्र खुर्च्यांच्या पाठीच दिसल्या.

तेव्हांपासून आम्हां भावंडांचा एक नेम आहे. आम्ही फडावर लवकर जातों, कडेची जागा धरितों, आणि ज्या वृद्धांस दूरचें दिसत नाहीं त्यांस ती देऊन मागें उंचवट्यावर जातों. तेथून आम्हांस कुस्तीही अधिक चांगली दिसते, म्हणून यांत त्याग मोठा नाहीं. खुर्च्या मागें व भुईवर बसणारे पुढें, इतकें जरी प्रत्येक गांवानें पाळलें तरी खासबागेचा अर्धा गुण बिनखर्चानें आपल्या फडांत येईल. वाचकहो, उत्तम जागा तीच, कीं जेथून आपणांस दिसतें आणि मागच्याचें झांकत नाहीं.