स्तन राखूनही गाठ काढता येते

भगिनींनो, आणि हे पान वाचणाऱ्या घरच्या कर्त्या पुरुषांनो, आज जरा उघड बोलायचे आहे. ज्या अवयवाचे नाव आपण चारचौघांत घेत नाही, त्याचा आजार गेल्या वर्षी आमच्या नांदगाव पेठेच्या घरी आला. माझ्या धाकट्या जावेच्या स्तनात गाठ झाली. दुखत नव्हती, म्हणून कापसाची वेचणी सरेपर्यंत ती बोललीच नाही. मी खोदून विचारले तेव्हा म्हणाली, "बाई, सांगतलं तर कापूनच टाकतीन नं मले!"

ही भीती निराधार नव्हती. अमेरिकेचे डॉ. हाल्स्टेड यांच्या पद्धतीने पुष्कळ दशके संपूर्ण स्तन छातीच्या स्नायूंसह काढत. पुढे अमेरिकेत डॉ. फिशर आणि इटलीत डॉ. वेरोनेसी यांनी स्त्रियांवर वीस वर्षे लक्ष ठेवले. 2002 साली निष्कर्ष आला, की सुरुवातीच्या अवस्थेत फक्त गाठ काढून नंतर किरणोपचार केले, तरी स्त्री तितकीच जगते.

आता गाठ काढतात कशी ते पाहा. संत्र्याची सल काढताना आपण वाळलेल्या फांदीबरोबर थोडे हिरवे लाकूडही कापतो. डॉक्टरही गाठीभोवतीचा थोडा निरोगी भाग काढतात आणि कडा तपासायला पाठवतात. मोठा तुकडा निघाला की तेथे खळगा पडतो. म्हणून त्याच भुलीत उरलेला भाग सरकवून, जुळवून स्तनाला घाट देतात. कधी दुसरा स्तनही त्याच्या जोडीचा करतात. याला ऑन्कोप्लास्टी म्हणतात. पुण्याच्या प्रशांती कॅन्सर केअर मिशनचे डॉ. चैतन्यानंद कोप्पीकर यांनी हे काम आपल्याकडे रुजवले. घाट राखता येतो म्हणून थोडी मोठी गाठही मोकळ्या हाताने काढता येते, हा याचा खरा फायदा.

आमच्या सासूबाई म्हणाल्या, "या वयात रूप पाहून काय कराचं हाये?" मी म्हटले, आत्याबाई, प्रश्न रूपाचा नाही. अंग धुताना स्वतःकडे पाहण्याचा आहे, लग्नाकार्यात पदर न ओढता बसण्याचा आहे. स्तन राहू शकतो हे कळले, तेव्हाच धाकटी नागपूरला जायला उठली. तिची शस्त्रक्रिया झाली. पुढे किरणोपचारासाठी काही आठवडे तिथेच राहावे लागले. तेवढे दिवस तिचा संसार आम्ही सांभाळला.

सगळ्यांनाच हे जमते असे नाही. गाठ फार मोठी असेल, अनेक जागी असेल, किंवा किरणोपचार देता येत नसतील, तर संपूर्ण स्तन काढावा लागतो. कधी आधी औषधे देऊन गाठ लहान करतात. कधी कडेला रोग उरला तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: स्तन राखता येईल का? घाट त्याच वेळी देता येईल का? किरणोपचार कुठे मिळतील? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसते, ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा.

मात्र वेळेवर गेलात तरच हे सारे हाती राहते. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षे अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासले, तरी पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास कमी झाले. 2021 साली ते प्रसिद्ध झाले.

तेव्हा भगिनींनो, गाठ लागली, कातडीला खळी पडली, बोंड आत ओढले गेले किंवा त्यातून रक्त आले, तर दुखण्याची वाट पाहू नका. आणि दादांनो, बायकोने सांगितले तर "तूर विकल्यावर पाहू" म्हणू नका. तुरीला पुढचा हंगाम असतो.